स्कायलॅब पडन म्हने

११ जुलै १९७९, बुधवार

पहाटे ५.३०
आजी अंगणात आली आणि झाडू हातात तसाच धरून तिने वर पाहिलं. आभाळ जागेवर होतं. मग तिने सडा टाकला. मूर्तिजापूरजवळच्या आमच्या गावात आठ दिवसांपासून सगळेच वर बघत चालायचे. त्यापायी दोघे जण नालीत पडले होते.

सकाळी ७
अमरावतीहून मामांचं कार्ड सोमवारीच आलं होतं. चहासोबत ते पुन्हा वाचलं गेलं. "राजकमल चौकात दुसरा विषय नाही. पोरांना बाहेर सोडू नका. पडून झालं की खुशालीचं कार्ड टाका."

सकाळी ८.३०
आमच्या ओट्यावर रेडिओभोवती पंधरा-वीस माणसं. अमेरिकेची अंतराळ प्रयोगशाळा स्कायलॅब आज पडणार, हे पक्कं. कुठे पडणार, ते नासालाही सांगता येत नव्हतं. १४ मे १९७३ ला वर गेलेलं हे ७७ टनांचं धूड फेब्रुवारी १९७४ पासून रिकामंच फिरत होतं. सूर्यावरची खळबळ अपेक्षेपेक्षा वाढली, त्या उष्णतेने वातावरणाचा वरचा थर फुगला आणि त्याच्या घासणीने स्कायलॅब खाली खाली येत गेली. तिला वर ढकलायला जे स्पेस शटल जायचं होतं, ते अजून तयार नव्हतं. देशभरच्या पोलिसांना सावध राहायला सांगितलं होतं. पोलीस त्या ७७ टनांचं नेमकं काय करणार, यावर ओट्यावर बराच वेळ चर्चा झाली.

सकाळी ११
शाळा भरली, पण अर्धीच. गुरुजींनी पृथ्वीचा गोल काढला आणि उत्तरेला ५० अंश, दक्षिणेला ५० अंश अशा दोन रेघा खडूने ओढल्या. "या दोन रेघांच्या मधात कुठंही पडू शकते." मधात अख्खा भारत होता. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं: जगात कुणाही एका माणसाला तुकडा लागण्याची शक्यता १५२ मध्ये १, पण ठरावीक एखाद्याच माणसाला लागण्याची शक्यता सहाशे अब्जांत १. "म्हणजे तुले लागत नाई, बस खाली," असं त्यांनी पहिल्या बाकावरच्या रडणाऱ्या पोराला सांगितलं. त्याचं रडणं थांबलं. शक्यतेचं गणित इतक्या मायेने शिकवलेलं मी पुढे कधीच पाहिलं नाही.

दुपारी १.१५
ह्यूस्टनमधून स्कायलॅबला शेवटची आज्ञा गेली. तिला हळूहळू कोलांट्या घ्यायला लावायचं, म्हणजे उत्तर अमेरिकेवर न पडता ती आफ्रिकेच्या दक्षिणेला समुद्रात जाईल, असा हिशेब होता.
त्याच वेळी आबाजी पऱ्हाटीत डवरा हाकत होते. मी शिदोरी घेऊन गेलो.
"आबाजी, थे आज पडन म्हने."
"पडन तं पडन. तन थांबते का त्याच्यासाठी?"

दुपारी
दिल्लीत लोकसभेत यशवंतराव चव्हाणांनी मोरारजी देसाईंच्या सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. १५ जुलैला मोरारजींनी राजीनामा दिला. हा विषय एरवी आमच्या ओट्याला महिनाभर पुरला असता. त्या दिवशी त्याला कुणी विचारलं नाही.

दुपारी ४
आजीचं माहेर मेहकरकडचं.  तिकडच्या लोणारला लवणासुराचा वध झाला आणि त्या जागी खारं तळं झालं, हे ती लहानपणापासून ऐकत आली होती. गुरुजी आले आणि त्यांनी तिला सांगितलं की तिथे खरोखरच अशनी आदळला होता आणि त्याने काळ्या कातळात पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर पाडलं.
आजी शांतपणे म्हणाली, "मंग आमच्या भागात एकदा पडून झालं, बाप्पा. आता दुसऱ्याईची पारी."

सायंकाळी ६
बाबा अकोल्याला प्रेसिंग फॅक्टरीत कारकून होते आणि फक्त शनिवारी घरी यायचे. बुधवारी ते पॅसेंजरने आले, पिशवीत पेढे घेऊन. का आलात, हे कुणी विचारलं नाही. पेढा तोंडात टाकून त्यांनी हिशेब सांगितला: एक गठाण १७० किलोची, म्हणजे ७७ टन झाले साडेचारशे गठाणी. तोवर आम्ही त्या आकड्याला घाबरत नव्हतो. अकोल्याच्या वखारीत गठाणींची थप्पी सगळ्यांनी पाहिली होती. ती डोक्यावर येताना दिसू लागली.

रात्री ८
आजीने आखाड तळायला घेतला. चार दिवसांनी करायचे गुलगुले आजच. "उरलो तं पुन्हा करू." धुऱ्यावरून तीन वर्षं ज्या घराशी बोलणं बंद होतं, तिथेही तिने माझ्या हाती ताटली पाठवली. काकूंनी ती घेतली, झाकली आणि मला काही न बोलता आत गेल्या.

रात्री ९.३०
झोपायचं कुठे, हा वाद. घरात झोपावं तर धाबं अंगावर येईल. बाहेर झोपावं तर थेट स्कायलॅबच. आबाजींनी अंगणात खाटा टाकायला लावल्या. "दिसलं तं पाहू तरी."

रात्री १०.०७
आम्ही जागेच होतो, पण काहीच दिसलं नाही. स्कायलॅब नासाच्या अंदाजाइतक्या लवकर तुटली नाही, म्हणून केपटाऊनच्या दक्षिणेचा समुद्र ओलांडून पुढे गेली आणि तिचे तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्पेरन्स गावाच्या आसपास विखुरले. तिथे १२ जुलैचे साडेबारा वाजून गेले होते. कुणालाही इजा झाली नाही. तिथल्या १७ वर्षांच्या एका मुलाने आपल्या आवारात सापडलेले तुकडे घेऊन सॅन फ्रान्सिस्को गाठलं आणि एका वर्तमानपत्राचं १० हजार डॉलरचं बक्षीस मिळवलं. एस्पेरन्सच्या पंचायतीने कचरा टाकल्याबद्दल नासाला ४०० डॉलर दंड केला. तो थेट २००९ मध्ये भरला गेला, तोही एका अमेरिकन रेडिओ निवेदकाने श्रोत्यांकडून जमवून.

१२ जुलै, सकाळ
रेडिओवर ऑस्ट्रेलिया ऐकल्यावर आजीने पहिला प्रश्न विचारला, "तिथले लोकं बरे हायेत ना?" बाबा पहिल्या गाडीने अकोल्याला गेले. मामांना कार्ड टाकलं. आबाजी डवरा घेऊन निघाले, तेव्हा शेजारच्या काकू ताटली परत द्यायला दारात उभ्या होत्या. ताटलीत ओंजळभर ज्वारी होती.