‘ग्रेड’ची कुळकथा
बायोप्सीचा रिपोर्ट आला की घरचे विचारतात, ‘कितवी स्टेज?’ रिपोर्टात मात्र बहुधा ग्रेड असते. रोग अंगात कुठवर पसरला ते स्टेज सांगते. गाठीतल्या पेशी किती बिघडल्या ते ग्रेड.

बिघडलेली पेशी आपलं मूळ रूप हरवते, हे जर्मनीच्या डेव्हिड फॉन हान्झेमान यांनी १८९० मध्ये मांडलं. त्या बिघाडाचा रुग्णाच्या आयुष्याशी हिशेब जुळवला तो अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी. ओठाच्या कर्करोगाचे पाचशेहून अधिक रुग्ण त्यांनी अभ्यासले, पेशींच्या बिघाडानुसार चार ग्रेड पाडल्या आणि पुढे कोण जगलं, कोण गेलं हे ताडून पाहिलं. पहिल्या ग्रेडचे रुग्ण बहुतेक वाचत, चौथीचे क्वचितच. साल १९२०. आज स्तनाच्या, प्रोस्टेटच्या गाठींची प्रतवारी वेगळ्या निकषांवर होते, पण मूळ हेच.

१९६० च्या दशकात राल्फ रिचर्ट यांनी ही नजर कर्करोगाच्याही अलीकडे नेली. गर्भाशयमुखाच्या अस्तराचा खालचा एक तृतीयांश भाग बिघडला तर सीआयएन १, दोन तृतीयांशापर्यंत २, त्याच्याही वर गेला तर ३. पहिली बहुधा आपोआप बरी होते; तिसरी तशीच सोडली तर काही वर्षांत कर्करोग होऊ शकतो.

हा बिघाड वेळीच शोधण्याच्या कामात धाराशिवचं नाव येतं, आणि ते अभिमानाने घ्यावं असं आहे. शेजारच्या बार्शीत १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. भूम-परंड्याची गावंही तिच्यात होती. त्याच बळावर १९९९ मध्ये धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांचा अभ्यास सुरू झाला. एका गटाची एकदाच एचपीव्ही, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागच्या विषाणूची, चाचणी झाली; बिघाड सापडला तिथे उपचार झाले. दुसऱ्या गटाची तपासणी झाली नाही, आणि त्यावर पुढे नैतिकतेचा रास्त वाद झाला. २००९ चा निकाल असा: कर्करोग चाचणीच्या गटात १२७, दुसऱ्यात ११८; पण दुसऱ्या स्टेजचे किंवा त्यापुढचे ३९ विरुद्ध ८२, मृत्यू ३४ विरुद्ध ६४. गटांतल्या बायकांची संख्या थोडी वेगळी धरूनही मृत्यूचा धोका जवळजवळ निम्मा.

आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती देते, त्यामागे या बायकांचाही वाटा आहे. तिशी ओलांडलेल्या आई-बहिणींना तपासणीला घेऊन जा. रिपोर्ट आला तर डॉक्टरांना ग्रेड आणि स्टेज, दोन्ही विचारा.