तबकडीवरचा ताबा

वस्तूचा ताबा असणे आणि ती वापरण्याची केवळ अनुज्ञा असणे, यांत कायदा मोठे अंतर मानतो. दूरचित्रवाणीच्या बाबतीत हे अंतर ज्या यंत्रामुळे आम्हां सीमाभागातल्यांच्या ध्यानी आले, ते आज बहुतेक घरांत माळ्यावर धूळ खात पडले आहे. ते यंत्र म्हणजे डीव्हीडी रेकॉर्डर.

१९९९ मध्ये अल्फा टीव्ही मराठी आणि २००० मध्ये ईटीव्ही मराठी सुरू झाली. परंतु बेळगावात काय, इंदूर-बडोद्यात काय, मराठी वाहिनी दिसणे हे केबलचालकाच्या मर्जीवर असे. २००३ मध्ये डिश टीव्ही आणि २००४ च्या डिसेंबरात दूरदर्शनची डीडी डायरेक्ट प्लस आली, तेव्हा गच्चीवरच्या थाळीने तो मध्यस्थ दूर केला. कार्यक्रम घरात आले खरे, पण आले तसे निघूनही जात. ते धरून ठेवण्याचे साधन हवे होते.

पायोनियर कंपनीने १९९९ च्या अखेरीस जपानमध्ये असा पहिला रेकॉर्डर विकायला काढला. आपल्याकडे तो काही वर्षांनी पोहोचला. सेट-टॉप बॉक्समधून पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन वायरी रेकॉर्डरला जोडायच्या. रेकॉर्डरला उपग्रहवाहिनी स्वतः निवडता येत नसल्याने बॉक्स त्याच वाहिनीवर चालू ठेवावा लागे. वेळ दोन्हीकडे लावायची; मधे वीज गेली की मुद्रण तिथेच संपले. ४.७ जीबीच्या तबकडीवर साधारण प्रतीचे दोन तास मावत. ‘नक्षत्रांचे देणे’सारखा लांबलेला कार्यक्रम असला की प्रत उतरवून वेळ वाढवायचा, की मध्यंतरात तबकडी बदलायची, यावर घरोघरी खल चाले.

हे कायदेशीर होते काय, असे आम्हांला अनेकदा विचारले गेले. या प्रश्नाचा पहिला मोठा निवाडा अमेरिकेतला आहे. सोनीच्या बीटामॅक्स यंत्राविरुद्ध युनिव्हर्सल आणि डिस्ने या चित्रसंस्थांनी १९७६ मध्ये दावा लावला. १७ जानेवारी १९८४ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने ठरवले की, कार्यक्रम सोयीच्या वेळी पाहण्यासाठी घरी मुद्रित करणे हा न्याय्य वापर आहे. एक मत फिरते तर घरगुती मुद्रणाचा इतिहास निराळा झाला असता. आपला कायदा या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ३९ सांगते की, मुद्रण करणाऱ्याच्या खासगी उपयोगासाठी, अथवा केवळ प्रामाणिक अध्यापन वा संशोधनासाठी केलेल्या मुद्रणाने प्रक्षेपकाच्या हक्काचा भंग होत नाही. विक्री अर्थातच वेगळी. तबकड्यांचा धंदा करणाऱ्यास या कलमाचा आधार नाही.

२००८ मध्ये टाटा स्काय प्लस आला आणि मुद्रण बॉक्सच्या पोटातच होऊ लागले. वायरी नकोत, तबकड्या नकोत. सोय वाढली आणि ताबा गेला, कारण मुद्रित कार्यक्रम त्या पेटीतून उचलून दुसऱ्या यंत्रावर नेता येईना. तबकडी मात्र कपाटात राहते आणि मुलीच्या सासरीही जाते.

कंपन्या आपला संग्रह सांभाळतीलच, असे ज्यांना वाटते त्यांनी बीबीसीकडे पाहावे. १९६० आणि ७० च्या दशकांत तिने कितीतरी टेपा पुसून पुन्हा वापरल्या. ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग त्यात गेले. त्या भागांचा आवाज तेवढा आज ऐकता येतो, आणि तोही प्रेक्षकांनी आपापल्या घरी टेपरेकॉर्डर लावून ठेवला होता म्हणून. मराठी वाहिन्यांचे पहिल्या दशकातले काव्यवाचन, मुलाखती, संगीतसभा यांतले काय कुणाच्या कपाटात आहे, याची नोंद अजून कुणी केलेली नाही.

घरी लिहिलेल्या तबकडीवरचा रंगद्रव्याचा थर उन्हाने व दमटपणाने खराब होतो. कोकण-गोव्याच्या हवेत तर विशेष जपावे लागते. म्हणून मजकूर संगणकाच्या हार्ड डिस्कवर वेळीच उतरवून घ्यावा. जी तबकडी ‘फायनलाइज’ करायची राहिली, ती इतर प्लेअरवर बहुधा चालत नाही. ज्या रेकॉर्डरवर लिहिली त्यावरच ती आधी पुरी करून घ्यावी लागते. तेव्हा माळ्यावरचे ते यंत्र भंगारवाल्याला देण्यापूर्वी कपाटातल्या सगळ्या तबकड्या एकदा त्यात घालून पाहाव्यात.