सुक्सा : वाळवलेली भाजी आणि छत्तीसगडचा दुष्काळ

रायपूरच्या आसपासच्या गावांत पौष-माघात अंगणात, छपरावर किंवा खाटेवर हिरवा पाला वाळत पडलेला दिसतो. तो हरभऱ्याचा किंवा तिवऱ्याचा कोवळा पाला असतो (तिवरा म्हणजे पूर्व विदर्भातील लाखोळी). कडक वाळल्यावर तो मडक्यात किंवा डब्यात भरतात. यालाच सुक्सा म्हणतात. उन्हाळ्यात ताजी भाजी दुर्मीळ झाली की सुक्सा तांदळाच्या कणीबरोबर ताकात शिजवतात. घरगुती साठवणीची ही साधी रीत दुष्काळाच्या इतिहासाबद्दल काय सांगते, ते या टिपणात पाहू.

आधी पाला कुठून येतो ते समजून घेतले पाहिजे. छत्तीसगडमध्ये 'उतेरा' नावाची पद्धत आहे. धान शेतात उभे असताना, जमीन ओली असतानाच, तिवऱ्याचे बी त्यात फेकतात. वेगळी नांगरणी नाही, पाणी देणे नाही. धान कापून नेल्यावर उरलेल्या ओलीवर हे पीक वाढते. ओल धरणारी काळी कन्हार जमीन याला चांगली. मुरमाड भाठा जमिनीत ते साधत नाही. फुलोऱ्यापूर्वी शेंडे खुडले की रोपाला जास्त फांद्या फुटतात, त्यामुळे दाण्याचे पीक न गमावता भाजी मिळते. एका वेळी घरात खपेल त्याहून जास्त पाला निघतो आणि तोच वाळवला जातो.

जुन्या महसुली कागदांत अशा साठ्याची नोंद शोधणे कठीण आहे. ह्युइट यांचा रायपूर जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल १८६९ चा. असे अहवाल जमिनीची प्रत, पीक आणि सारा मोजण्यासाठी लिहिले जात. बायकांनी खुडून घरात ठेवलेल्या पाल्यावर सारा बसत नव्हता, मग तो मोजणार कोण?

येथे एक मोह टाळायला हवा. हरभऱ्याचा पाला विदर्भ-मराठवाड्यातही वाळवतात. भाज्यांच्या वाळवलेल्या फोडींना मराठीत उसऱ्या हा शब्दच आहे. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरला आले आणि १८५४ पर्यंत, मधला इंग्रजी देखरेखीचा काळ धरूनही, छत्तीसगड नागपूरच्या राज्यात होते. म्हणून ही रीत मराठ्यांबरोबर आली असे म्हणावेसे वाटते. पण हरभरा आणि हिवाळ्याचे कोरडे ऊन जिथे आहे तिथे पाला वाळवायला कोणाच्या राजवटीची गरज पडत नाही.

आता मुख्य प्रश्न. सुक्सा भुकेविरुद्धची तरतूद होती का? दरवर्षीच्या उन्हाळी टंचाईविरुद्ध होती. दुष्काळाविरुद्ध मात्र ती फारशी टिकली नसावी, असे माझे अनुमान आहे. तिवरा दुष्काळात तग धरणारे पीक म्हणून प्रसिद्ध आहे, आणि ते खरेही आहे. पण तग धरण्यासाठी आधी उगवावे लागते. १८९६ मध्ये मध्य प्रांतात पाऊस वेळेआधी थांबला, १८९९ मध्ये तो फारच अपुरा पडला. अशा वर्षी धान जाते आणि उतेऱ्याला लागणारी ओलही जाते. म्हणजे भात आणि भाजी ही दोन वेगळी आधारे नव्हती. दोन्ही त्याच शेतातल्या त्याच पाण्यावर उभी होती. आदल्या माघातला साठा तरी उरला असेल का? पावसाळी दमटपणात सुक्सा मऊ पडतो, बुरशी धरतो. म्हणून तो सहसा त्या आधीच संपवतात. ज्या घरांकडे कन्हार जमीन नव्हती त्यांच्याकडे तर भरायलाच थोडे होते.

सरकारने १८९९-१९०० मध्ये मध्य प्रांतात शिजवलेले अन्न देणारी केंद्रे मोठ्या प्रमाणावर उघडली. १९०१ च्या जनगणनेत रायपूर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरली.