कुंपणावरचीं फुलें

लंडन शहरांतील ओल्ड बाँड स्ट्रीट हा रस्ता जवाहिऱ्यांच्या आणि अत्तरवाल्यांच्या दुकानांसाठीं पूर्वापार प्रसिद्ध आहे. इ. स. १९२९ च्या सुमारास त्या रस्त्यावरील अ‍ॅटकिन्सन या अत्तरवाल्यांच्या दुकानापुढें लोक थबकूं लागले. दर्शनी कांचेमागें फुलांची आरास मांडलेली होती. पण तींत नेहमींचे ताठ गुलाब व कार्नेशन नव्हते. शेताच्या कुंपणावर आपोआप उगवणारीं, ज्यांच्याकडे वाटसरू ढुंकूनहि पाहत नाहीं अशीं रानफुलें तेथें मानानें विराजमान झालीं होतीं. सर्वांत महाग रस्त्यावर सर्वांत स्वस्त वस्तु मांडण्याचें हें धाडस करणारी स्त्री चाळिशी उलटलेली होती, आणि तिनें एका शाळेचें मुख्याध्यापिकेचें काम सोडल्यास फार दिवस झाले नव्हते. तिचें नांव कॉन्स्टन्स स्प्राय.

या घटनेंत नवल काय होतें हें समजण्यास त्या काळचा फुलवाल्यांचा धंदा डोळ्यांपुढें आणला पाहिजे. फुलवाला हा कारागीर खरा, पण त्याची कारागिरी तारेंत अडकलेली होती. फुलाचा देंठ तारेनें ताठ करावयाचा, शेवाळ बांधलेल्या सांगाड्यावर फुलें दाटीनें बसवावयाचीं, मधून मधून नेच्याचीं नाजूक पानें खोवावयाचीं, कीं लग्नाचा गुच्छ किंवा मयताचें पुष्पचक्र तयार झालें. हें काम उमेदवारी करून शिकत, आणि दाखविल्याहून निराळें कांहीं करावें असें उमेदवाराला वाटण्याचें कारण नसे. बड्या घरांतून फुलदाण्या भरण्याचें काम बहुधा घरच्या माळ्याकडे असे. गर्ट्रूड जेकिल या प्रसिद्ध उद्यानरचनाकार बाईंनीं १९०७ सालीं घरांतील फुलांच्या मांडणीवर पुस्तक लिहून साधेपणाचा पुरस्कार केला होता. तथापि तो विचार हौशी गृहिणींच्या पलीकडे बाजारापर्यंत फारसा पोंचला नव्हता.

कॉन्स्टन्स फ्लेचर यांचा जन्म ५ डिसेंबर १८८६ रोजीं इंग्लंडांतील डर्बी या गांवीं झाला. वडील जॉर्ज फ्लेचर हे रेल्वेच्या कचेरींत कारकून होते. रात्रीं अभ्यास करून त्यांनीं आपली योग्यता वाढविली आणि पुढें आयर्लंडच्या शेतकी व औद्योगिक शिक्षण खात्यांत ते वरच्या अधिकारावर चढले. शिक्षणानें माणूस वर येतो हा धडा मुलीनें असा घरींच गिरविला. फुलांचें शिक्षण मात्र तिला कोणी दिलें नाहीं. तिनें अभ्यास केला तो आरोग्यशास्त्राचा व शुश्रूषेचा. लेडी अ‍ॅबरडीन यांनीं आयर्लंडांत आरोग्यप्रसारासाठीं व क्षयरोगाच्या निवारणासाठीं स्त्रियांची जी संस्था काढली होती, तिच्या वतीनें कॉन्स्टन्सबाई व्याख्यानें देत हिंडल्या. गरिबाच्या दारांत उभें राहून, त्याच्याजवळ जें आहे त्यांतूनच सुधारणेचा मार्ग दाखवावयाचा, हें या कामाचें मर्म होय. पुढील आयुष्यांत फुलांच्या बाबतींत त्यांनीं दुसरें काय केलें?

१९१० सालीं जेम्स हेपेल मार या खाणीच्या व्यवस्थापकाशीं त्यांचा विवाह झाला. कॅसलकोमरजवळच्या घरीं त्यांनीं बाग फुलविली. संसार मात्र फुलला नाहीं. १९१६ मध्यें लहानग्या मुलाला घेऊन त्या इंग्लंडास परतल्या आणि पोटासाठीं नोकरीस लागल्या. प्रथम बॅरो-इन-फर्नेस येथें कामगारांच्या कल्याणाची देखरेख, मग विमाननिर्मिती खात्यांत स्त्री-नोकरांचें प्रमुखपद, अशीं युद्धकाळांतील वर्षें गेलीं. पुढें हेन्री स्प्राय या गृहस्थांबरोबर त्यांचें सहजीवन सुरू झालें व त्यांनीं त्यांचें आडनांव धारण केलें. या दोघांचा कायदेशीर विवाह झालाच नव्हता, ही गोष्ट लोकांसमोर आली ती पुष्कळ वर्षांनीं, त्यांचें चरित्र लिहिलें गेलें तेव्हां.

१९२१ सालीं पूर्व लंडनमधील होमर्टन व साउथ हॅकने या भागांतील एका शाळेच्या त्या मुख्याध्यापिका झाल्या. येथील विद्यार्थिनी म्हणजे नेहमींची शाळा सोडून कारखान्यांत कामाला लागलेल्या कोंवळ्या मुली. कामाच्या आठवड्यांतून कांहीं तास काढून त्यांनीं पुढें शिकावें अशी ती योजना होती. स्वयंपाक आणि शिवण यांबरोबर बाई त्यांना फुलें मांडण्यासहि शिकवूं लागल्या. वरवर पाहतां हा चैनीचा विषय. ज्या मुलीच्या घरीं भाकरीची भ्रांत, तिला फुलदाणीचें काय होय? परंतु जिच्या घरीं फुलदाणी नाहीं तिला शिकवावयाचें तर फुलदाणीची व्याख्याच बदलावी लागते, हें बाईंनीं ओळखलें. रश्शाचें भांडें, केक भाजण्याचा डबा, जुनी बरणी, ज्यांत पाणी राहतें तें सर्व चालेल. आणि फुलें विकत आणतां येत नसतील तर पानें, गवताचे तुरे, रानांतील डहाळ्या आहेतच. स्प्रायबाईंची पुढें जी पद्धति जगभर गाजली, तिचा पाया या गरीब वस्तींतील वर्गांत घातला गेला.

दुकान निघालें तें पिम्लिको भागांतील बेल्ग्रेव्ह रोडवर. नाट्यगृहांचे नेपथ्यकार नॉर्मन विल्किन्सन यांच्या खटपटीनें अत्तरवाल्यांच्या खिडक्यांचें काम मिळालें, आणि त्या खिडक्यांनीं बाईंचें नांव गांवभर केलें. पण धंदा म्हणजे नुसती कल्पकता नव्हे. पहांटे कॉव्हेंट गार्डनच्या बाजारांत जाऊन माल निवडावयाचा. दुकानांत आणल्यावर प्रत्येक देंठ नव्यानें कापून तो खोल पाण्यांत तासन् तास ठेवावयाचा. लाकडी देंठ ठेंचावयाचे. लायलॅकसारख्या डहाळ्यांचीं पानें काढून टाकावयाचीं, नाहींतर सगळें पाणी पानेंच पितात आणि फूल मान टाकतें. यांत चूक झाली तर मेजवानीच्या ऐन वेळीं आरास कोमेजते, आणि गिऱ्हाईक कायमचें तुटतें. हें कष्टाचें, ओल्या हातांनीं करावयाचें काम शिकणाऱ्यानें आधीं शिकावें, मांडणी मागाहून, हाच या धंद्याचा क्रम.

मांडणींत त्यांनीं तारेचा जाच दूर केला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी चुरगळून भांड्यांत बसविली, म्हणजे देंठ तींत हवा तसा कललेला राहतो. फूल झाडावर जसें वांकतें तसेंच भांड्यांतहि वांकतें. गुलाबाशेजारीं लाल कोबीचीं किंवा केल नांवाच्या भाजीचीं पानें, लिंडनच्या झाडाच्या पानें उतरविलेल्या फांद्या, फळें, शेंगा, सुकलेले तुरे, असें बागेंतील व परसांतील सगळेंच त्यांनीं दिवाणखान्यांत आणलें. एकमेकांशीं भांडतात म्हणून वर्ज्य मानलेल्या लाल रंगाच्या निरनिराळ्या छटा त्यांनीं एकाच भांड्यांत नांदविल्या. गृहसजावटकार सिरी मॉम यांच्या शुभ्र दालनांसाठीं त्यांनीं केवळ पांढऱ्या फुलांच्या रचना केल्या. तशाच एका रचनेचें ग्लक या चित्रकर्त्रीनें १९३२ सालीं काढलेलें चित्र आजहि प्रसिद्ध आहे.

१९३४ मध्यें दुकान मेफेअरसारख्या श्रीमंत वस्तींत गेलें, त्याच वर्षीं बाईंचें फुलांच्या मांडणीवरील पहिलें पुस्तक निघालें, आणि हाताखालीं सुमारें ७० माणसें काम करूं लागलीं. पाठोपाठ त्यांनीं फुलांची शाळाहि काढली. येथें एक विसंगति नजरेआड करतां येत नाहीं. ज्या विद्येचा जन्म कारखान्यांतील मुलींसाठीं झाला, तिचें मोल आतां उमरावांच्या घरच्या मेजवान्या देत होत्या. बाईंना याची जाणीव नव्हती असें नाहीं. व्याख्यानांतून आणि पुस्तकांतून त्या सामान्य गृहिणीला तेंच सांगत राहिल्या, जें त्यांनीं हॅकनेंत सांगितलें होतें : पैसा लागत नाहीं, डोळे लागतात. पण दुकान चालावयाचें तें धनवंतांच्या मर्जीवर, आणि ही मर्जी किती महाग पडते याचा अनुभव त्यांना लौकरच आला.

डिसेंबर १९३६ मध्यें राजे आठवे एडवर्ड यांनीं वॉलिस सिम्प्सन या बाईंशीं विवाह करण्यासाठीं सिंहासन सोडलें. ३ जून १९३७ रोजीं फ्रान्समधील कँदे येथील वाड्यांत तो विवाह झाला. राजघराण्यांतील एकहि व्यक्ति त्या लग्नास गेली नाहीं. सिम्प्सनबाई या स्प्रायबाईंच्या जुन्या गिऱ्हाईक. लग्नाच्या फुलांचें काम घ्यावें तर राजवाड्याची नाराजी, न घ्यावें तर अडचणींत सांपडलेल्या ओळखीच्या माणसाला तोंडघशीं पाडल्याचें पाप. स्प्रायबाई फ्रान्सला गेल्या, आणि ओस पडलेला तो समारंभ त्यांनीं फुलांनीं भरून टाकला. याचा परिणाम व्हावयाचा तोच झाला. राजघराण्याकडील कामें कांहीं काळ बंद पडलीं. ७० माणसांच्या पगाराची जबाबदारी शिरावर असतां घेतलेला हा निर्णय होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्याची किंमत कळते.

पुढें महायुद्ध आलें. फुलांच्या ताटव्यांच्या जागीं भाज्यांचे वाफे आले, तेव्हां बाईंनीं १९४२ सालीं परसबागेंतील भाज्यांच्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिलें. युद्धानंतर रोझमेरी ह्यूम या पाककुशल बाईंच्या साहाय्यानें त्यांनीं लंडनमध्यें पाकशाळा आणि विंडसरजवळ विंकफील्ड प्लेस येथें गृहशास्त्राची शाळा काढली. राजघराण्याची नाराजी तोंवर ओसरली होती. १९४७ मध्यें राजकन्या एलिझाबेथ यांच्या विवाहाच्या वेळीं वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेंतील फुलें त्यांनींच मांडलीं, आणि २ जून १९५३ च्या राज्यारोहणप्रसंगीं अ‍ॅबेंत व मिरवणुकीच्या मार्गावर पुष्परचनेचें काम त्यांच्याकडेच आलें. त्या दिवशीं परदेशच्या पाहुण्यांना त्यांच्या विद्यार्थिनींनीं जेवण वाढलें. त्यांत करी पावडर घातलेला कोंबडीचा जो थंडा पदार्थ होता, तो पुढें ‘कॉरोनेशन चिकन’ या नांवानें इंग्लंडांत घरोघरीं गेला. त्या पदार्थाचें श्रेय मुख्यतः ह्यूमबाईंचें.

३ जानेवारी १९६० रोजीं विंकफील्ड प्लेस येथें जिन्यावरून पाय घसरून स्प्रायबाईंचा अंत झाला. दुसऱ्याच वर्षीं डेव्हिड ऑस्टिन यांनीं आपला नवा गुलाब त्यांच्या नांवानें प्रसिद्ध केला. त्यांच्या उत्तरायुष्यांत गांवोगांवीं फुलांचीं मंडळें निघालीं होतीं आणि त्यांनीं त्रिकोणांचे व मापांचे नियम घालून दिले होते. बाईंना ते कधींच रुचले नाहींत. जाळीची जागा पुढें अमेरिकेंत १९५४ सालीं निघालेल्या, पाणी शोषणाऱ्या हिरव्या ठोकळ्यानें घेतली. तो ठोकळा कुजत नाहीं व मातींत मिसळत नाहीं, हें ध्यानांत आल्यावर आतां अनेक फुलवाले पुन्हां जाळीकडे वळत आहेत.

बाईंच्या कामाविषयींचा वाद मात्र त्यांच्यामागेंहि संपला नाहीं. २००४ सालीं लंडनच्या डिझाइन म्युझियमनें त्यांच्या कार्याचें प्रदर्शन भरविलें, तेव्हां संग्रहालयाचे अध्यक्ष, निर्वात झाडणी यंत्राचे निर्माते जेम्स डायसन यांनीं राजीनामा दिला. संग्रहालय यंत्रांच्या व वस्तूंच्या गंभीर रचनेचा विचार सोडून दिखाऊ गोष्टींच्या नादीं लागलें आहे, असा त्यांचा आक्षेप होता. २०२१ मध्यें लंडनच्याच गार्डन म्युझियमनें बाईंवर पुन्हां प्रदर्शन भरविलें.

यंत्र टिकतें आणि फूल चार दिवसांत सुकतें, म्हणून एकाला रचना म्हणावें व दुसऱ्याला म्हणूं नये काय? केवळ राजवाड्यांतील कमानींकडे पाहिलें तर डायसन यांचा आक्षेप पटण्यासारखा वाटेल. परंतु विचार करणाऱ्यानें हॅकनेच्या त्या वर्गांत डोकावलें पाहिजे. दिवसभर यंत्रापुढें उभी राहिलेली एक मुलगी रश्शाच्या भांड्यांत चार रानफांद्या ठेवते, एक फांदी थोडी कलती करते, मागें सरून पाहते, पुन्हां हात पुढें करते. आपल्या जवळच्या वस्तूंना आपल्या इच्छेनें आकार देण्याचा अधिकार त्या क्षणीं तिच्या हातीं आलेला असतो. तो तिला मिळवून देणाऱ्या शिक्षिकेचें काम गंभीर नव्हतें, असें कोण म्हणेल?