शिक्का, मोर्तब आणि तोतया पत्र

पत्र खरे की खोटे, हा प्रश्न यंत्रयुगाने निर्माण केलेला नाही. कारभार कागदावर चालू लागला तेव्हापासून तो प्रत्येक दफ्तरासमोर उभा आहे. परिचित बँकेच्या वा कंपनीच्या नावाने येणाऱ्या फसव्या ई-मेलला १९९० नंतरच्या दशकात ‘फिशिंग’ ही संज्ञा मिळाली. या प्रकाराचे स्वरूप जुन्या पत्रव्यवहाराच्या प्रकाशात अधिक स्पष्ट होते.

मराठी दफ्तराने पत्राची सत्यता केवळ त्याच्या बाह्य रूपावर सोपविली नव्हती. सनदेच्या शिरोभागी शिक्का असे. मजकूर संपताच मोर्तब होई, म्हणजे त्यापुढे कोणास अक्षर वाढविता येऊ नये. दफ्तरी नोंद झाल्याची ‘बार’ ही खूण निराळीच. शिक्क्याची नक्कल कुशल कारागिरास साधे. नोंदीचा पडताळा मात्र दफ्तरातच घ्यावा लागे. १७५१ मध्ये चांद्याचे गोंड राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले, तेव्हा हा अरण्यप्रदेशही मराठी दफ्तराच्या कक्षेत आला.

हा क्रम प्रथम तारेने मोडला. तारेच्या कागदावर प्रेषकाचे हस्ताक्षर नाही, शिक्काही नाही. विश्वास ठेवावयाचा तो तारखात्यावर. बाबूराव शेडमाके यांच्या उठावात २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथे मारले गेलेले गार्टलंड व हॉल हे या खात्याचेच नोकर होते. संदेशवहन आणि राज्यसत्ता ही तेव्हा एकरूप होती.

ई-मेलने हा मधला जामीनही दूर केला. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये ई-मेलच्या वहनाचे नियम प्रसिद्ध केले; त्याच महिन्याच्या २६ तारखेस चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. त्या नियमांत प्रेषक सांगेल ते नाव पडताळण्याची तजवीज नव्हती. परस्परपरिचित संशोधकांत ते चालून गेले. व्यवहार सर्वांचा होताच तीच उणीव तोतयांचे भांडवल ठरली. दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २००५ मध्ये नॅसकॉमच्या नावाने पाठविलेल्या ई-मेलच्या खटल्यात या कृत्यास बेकायदा ठरविले. २००९ पासून लागू झालेल्या कलम ६६-डीने संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली.

तोतया पत्राची लक्षणे थोडीच आहेत : घाई, धाक, गुप्त अंकांची मागणी आणि पत्रानेच दाखविलेली वाट. २०२२ मध्ये महावितरणच्या नावाने ‘आज रात्री वीज तोडली जाईल’ असे संदेश राज्यात फिरले, तेव्हा ही बहुतेक लक्षणे एकत्र दिसली. भामरागड वा एटापल्लीसारख्या दुर्गम भागात कार्यालय गाठण्यास दिवस मोडतो. तेथे हा धाक अधिक लागू पडतो आणि गमवावी लागते ती हंगामाची कमाई.

उपायही जुनाच आहे. संकेतस्थळाचा पत्ता अखेरीकडून वाचावा. ओळखीचे नाव आरंभी घालणे कोणासही शक्य असते, खरा धनी शेवटी प्रकट होतो. रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँकांची संकेतस्थळे ‘.बँक.इन’ या अंत्यपदाखाली आणण्यास फर्माविले, ते एका अर्थी नवे मोर्तबच होय. तथापि मोर्तबाने दफ्तराची जागा घेतली नाही. पत्रातील दुव्याने वा क्रमांकाने न जाता, पासबुकावरील वा वीजबिलावरील क्रमांकाने संस्थेस विचारावे. फसवणूक झाल्यास विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. पत्राची साक्ष पत्राकडून घ्यावयाची नसते, हा दफ्तराचा दंडक आजही तितकाच खरा आहे.