चक्करच्या गोळीची कुळकथा

नगरला आत्याच्या उशाशी दोन वर्षं गोळ्यांची एक पट्टी असायची. 'चक्करची गोळी' म्हणायची ती. पण आत्याला चक्कर येतच नव्हती, तिच्या कानात रातकिडे ओरडायचे. मग ही गोळी तिच्यापर्यंत आली कशी?

कानातल्या आवाजाला आपल्याकडे जुनी नावं आहेत. सुश्रुताने कानाचे 28 रोग मोजले. त्यांत कर्णनादही आहे आणि कर्णक्ष्वेडही. गंगाधरशास्त्री गुणे यांनी 1917 साली नगरमध्ये सुरू केलेल्या आयुर्वेद महाविद्यालयात आजही हे शब्द शिकवले जातात.

गोळीचं कूळ मात्र पॅरिसचं. 1861 साली प्रॉस्पर मेनिएर यांनी सांगितलं, की भोवळीचं मूळ आतल्या कानात असू शकतं. त्यांच्या रुग्णांना भोवळ, बहिरेपणा आणि कानातला आवाज, तिन्ही एकत्र होत; या आजाराला पुढे मेनिएरचंच नाव पडलं. सगळी गुंतागुंत इथून सुरू झाली. 1940च्या दशकात अमेरिकेत बेयर्ड हॉर्टन या आजारावर शिरेतून हिस्टामिन देत. हिस्टामिन तोंडाने घेतलं तर पोटातच निकामी होतं, म्हणून त्याच्यासारखं पण गोळीतून चालेल असं बीटाहिस्टिन आलं. त्याने आतल्या कानाचा रक्तपुरवठा वाढतो, असा तर्क होता. 1966 मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. ज्या अभ्यासावर दिली तोच सदोष निघाला आणि काही वर्षांत ती काढून घेतली. युरोपात मात्र 1970 पासून गोळी रुजली, पुढे आपल्याकडेही.

मेनिएरमध्ये भोवळ आणि आवाज सख्खे शेजारी, म्हणून भोवळीची गोळी नुसत्या आवाजालाही दिली जाऊ लागली. मला हे पटत नाही. शेजार हा पुरावा नव्हे. जर्मनीत 221 मेनिएर रुग्णांवरची चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. नऊ महिन्यांत औषधवाल्यांचे झटके कमी झाले, पण बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांचेही तितकेच. इतर प्रकारच्या भोवळीत थोडा फायदा दिसतो, तोही कच्च्या पुराव्यावर. कानातल्या आवाजाबाबत 2018 मध्ये वैद्यकीय पुरावे पारखणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या अभ्यासकांनी पाच चाचण्या, सुमारे 300 रुग्ण तपासले. फरक आढळला नाही. 2020 पासून ब्रिटनची 'नाइस' ही संस्था स्पष्ट सांगते, की त्यासाठी ही गोळी देऊ नये.

आत्याच्या नव्या डॉक्टरांनी आधी तिची ऐकण्याची तपासणी केली. दोन्ही कान मंद झाले होते. आता तिला यंत्र बसवलंय. भांड्यांचा, चिमण्यांचा, नातवाच्या धावण्याचा आवाज पुन्हा येतो, आणि त्या गलक्यात रातकिडे मागे पडतात. रात्री यंत्र काढलं की ती रेडिओ बारीक लावून झोपते.