अठरा पेन्सांचा रुपया
२७. रुपयाचा १ शिलिंग ६ पेन्स हा विनिमय दर. पहिल्या महायुद्धापूर्वी तो १ शिलिंग ४ पेन्स असे. १९२६ मध्ये हिल्टन यंग आयोगाने चढ्या दराची शिफारस केली आणि १९२७ च्या कायद्याने तो पक्का झाला. आयोगाचे सभासद व मुंबईचे कापूस-व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून जुन्याच दराचा आग्रह धरला होता. हिशेब सरळ आहे : एका पौंडाचे पूर्वी १५ रुपये होत, आता १३ रुपये ५ आणे ४ पै. नंदुरबार तालुका तेव्हा पश्चिम खानदेशात होता. तिथल्या कापसाचा भाव मुंबईच्या निर्यात बाजाराकडे पाहून ठरे. त्यामुळे परदेशातला भाव तोच राहिला तरी हाती येणाऱ्या रुपयांत नववा हिस्सा तूट येई. शेतसारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांतच ठरलेले. शिवाय हा दर टिकवायला सरकार चलन आखडून घेई, म्हणजे बाजारात पैसा महाग. सप्टेंबर १९३१ मध्ये ब्रिटनने सुवर्णमान सोडल्यावर पौंड घसरला, पण रुपया त्याच्याशीच बांधलेला असल्याने १८ पेन्स कायम राहिले. लेखक पुढील मंदीचेही सगळे खापर या दरावर फोडतात, ते अंमळ जास्त होते. कापसाचे भाव तेव्हा जगभरच कोसळले होते. —संपा.